समोरची पार्टी

माझ्या वडिलांना रॉक संगीत आवडत नाही असं मी म्हणणार नाही. न आवडायला आधी ते संगीत आहे हे मान्य करावं लागतं. मी घरी गिटार जोडून बसलो की ते आईला विचारायचे, ह्याचं सुरू झालं की अजून जुळवतोय? दोन गाणी पूर्ण वाजवून मी उठलो तरी त्यांच्या हिशेबी मी जुळवतच असायचो.

बोलायचा अधिकार मात्र त्यांना होता. बाबा नोकरीभर एसटीत कंडक्टर होते, पण आमच्या पंचक्रोशीत त्यांना कंडक्टर म्हणून कोणी ओळखत नाही. ते तुऱ्याचे शाहीर. ज्यांनी शक्ती-तुरा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका मंडपात दोन पार्ट्या, एक शक्तीवाली आणि एक तुरेवाली. दोघांनी आळीपाळीने गायचं, आणि आपली पाळी म्हणजे आपली बारी. मधे शाहीर आणि ढोलकीवाला, भोवती पायात घुंगरू बांधून फेर धरणारी पोरं. आधी गणपतीचा गण, मग गवळण, आणि मग ज्यासाठी लोक घोंगड्या घेऊन आलेले असतात ते, म्हणजे भांडण. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा, आणि जाता जाता समोरच्याची सालं काढायची.

बाबांची सालं तीसेक वर्षं एकाच माणसाने काढली. ते शक्तीवाले बुवा नदीपलीकडच्या गावचे. त्यांनी बाबांच्या मिशीवर, टकलावर, तिकिटाच्या पंचावर आणि एकदा तर आमच्या म्हशीवर कवनं केली. बाबांनीही त्यांच्या चष्म्याची, जावयाची आणि न लागणाऱ्या बोअरवेलची सव्याज परतफेड केली. मंडपाबाहेर दोघे फारसं बोलत नसत, पण पायरीचे पहिले आंबे उतरले की एक पेटी नदीपलीकडे जायची आणि पलीकडून फणस यायचा. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी ते बुवा वारले. बाबा अंत्ययात्रेहून आले, हातपाय धुतले, ढोलकी गवसणीत घातली आणि माळ्यावर टाकली. कार्यक्रमाची सुपारी घेऊन लोक यायचे. बाबा त्यांना चहा द्यायचे आणि एकच विचारायचे, "समोर कोन हाय?" त्यांनी कुणाचंही नाव घेतलं तरी बाबा मान हलवायचे. तो पोरगा हाय, म्हणायचे, त्याला काय बोलायचं, रडंल तो.

पण भांडायची सवय काही ढोलकीबरोबर माळ्यावर जात नाही. ते घरात आईला सवाल टाकायला लागले. आमटीत मीठ आधी की कोकम आधी, आणि का? टीव्हीवरच्या बातमीदाराला ते उत्तर मागायचे. हळूहळू तेही कमी झालं. सकाळी पडवीत खुर्ची टाकून बसले की दुपारी जेवायला उठायचे. आई एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "जल्लं मेलं, दोन शिव्या तरी घाला म्हनावं मला." ती हसत म्हणाली, पण मला हसू आलं नाही. गाणारा माणूस गप्प बसला की घराचं काय होतं ते मी वर्षभर बघत होतो, आणि माझ्याकडे त्यावर उपाय म्हणून फक्त गिटार होती.

आमचा बँड तिघांचा. मी गिटार आणि गळा. पोटापाण्यासाठी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. ड्रमवर एक दंतवैद्य. आठवडाभर लोकांच्या तोंडात हळुवार काम केल्याचा राग ते रविवारी ड्रमवर काढतात. बेसवर मोबाईल दुरुस्तीवाला, आमचाच वर्गमित्र. सरावाची जागा म्हणजे एका बागायतदाराची आंबे भरायची शेड. तिथे आमच्या गाण्यांना गवताचा वास लागला तो कायमचा. निम्मी गाणी जुनी इंग्रजी, निम्मी आमची स्वतःची. स्वतःच्यांपैकी सगळ्यात गाजलेलं, म्हणजे आम्हा तिघांत गाजलेलं, डॉक्टरांनी लिहिलेलं विरहगीत. त्यात प्रेयसीच्या आठवणीला रात्री ठणकणाऱ्या अक्कलदाढेची उपमा आहे. डॉक्टर म्हणतात ती अनुभवातून आली आहे. कोणाच्या, ते सांगत नाहीत.

शहरात मांडवीच्या बाजूला एक छोटं कॅफे नव्याने निघालं होतं. मालकीण मुंबईत वीस वर्षं नोकरी करून परत आलेली बाई. आंब्याच्या जुन्या खोक्यांवर फळ्या ठोकून तिने एक वीतभर उंचीचं स्टेज केलं होतं. चाळीस माणसं बसली तर एकेचाळिसाव्याने खिडकीत बसायचं, एवढी जागा. मे महिन्यात चाकरमानी गावी आलेले असतात, तेव्हा एक रॉक अँड रोलची रात्र करू, असं तिचं म्हणणं. आम्ही आनंदाने हवेत. जाहिरातीचं काम मोबाईलवाल्याने अंगावर घेतलं, आणि इथेच माशी शिंकली.

त्याने बॅनर करायला दिला तो आमच्याच भागातल्या बॅनरवाल्याकडे. हा माणूस वर्षभर नमन, शक्ती-तुरा, भजनाच्या डबलबारी आणि वाढदिवस यांचे बॅनर करतो. त्याचा साचा ठरलेला: वर गणपती, मधे आगीच्या ज्वाळा, डावीकडे एका शाहिराचा फोटो, उजवीकडे दुसऱ्याचा, दोघे एकमेकांकडे डोळे वटारून बघताहेत आणि खाली 'जंगी सामना'. त्याने आमच्यासाठी जुनाच साचा काढला. नेमका बाबांचा आणि शक्तीवाल्या बुवांचा शेवटचा सामना होता त्याचा. बुवा आता नाहीत म्हणून डावीकडचा त्यांचा फोटो हात जोडून काढला आणि तिथे आम्हा तिघांना बसवलं. उजवीकडचे बाबा हयात होते. ते राहिले.

बॅनरचा नमुना त्याने मोबाईलवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवला. मोबाईलवाल्याने तो न उघडताच बघितला. बाहेरून बघितलं की चित्र कापून दिसतं, आणि त्याला दिसली डावी बाजू. तिथे आम्ही तिघे काळे चष्मे लावून छान दिसत होतो. त्याने अंगठा पाठवला. जो माणूस दिवसभर लोकांचे फोन उघडतो त्याला आपल्या फोनवरचं एक चित्र उघडता येऊ नये, यावर मी आजही त्याच्याशी भांडतो.

बॅनर स्टँडवर लागला, मच्छी मार्केटच्या तोंडाशी लागला आणि आमच्या गावच्या फाट्यावरही लागला. मी सुट्टीत असूनही ते तीन दिवस शेडमध्येच काढले, कारण मधल्या एका गाण्यात आम्ही तिघे तीन वेगवेगळ्या वेळी संपत होतो. त्यामुळे बॅनर मी पाहिला तो थेट कार्यक्रमाच्या संध्याकाळी, कॅफेच्या दारात. बाबा माझ्याकडे डोळे वटारून बघत होते आणि आमच्या मधे आग लागली होती.

मी बॅनरवाल्याला फोन लावला. त्याला अजिबात वाईट वाटलं नव्हतं. एक बाजू रिकामी ठेवली तर बॅनर अपशकुनी दिसतो, असं त्याचं मत. शिवाय बाप-लेकाचा सामना म्हटल्यावर गर्दी होणार, हे त्याने मला सौजन्य म्हणून सांगितलं. मग मी घरी फोन केला. बाबांनी फाट्यावरचा बॅनर पाहिला का, असं आईला विचारलं. ती म्हणाली, पाहिला ना. परवा पाहिला. त्या दिवसापासून माझ्याशीच काय, कोणाशीच बोलले नाहीत, पण आज दुपारी ढोलकी काढली, आणि चारच्या गाडीने गेले, बरोबर ढोलकीवाला आणि झांजवाला. मी डबा दिलाय. आणि मग ती हळूच म्हणाली, "तू बोलावलंस ना त्यांना? बरं केलंस हां बाबू."

मी नाही म्हणणार होतो. म्हटलं नाही.

आता प्रसंग असा होता. बाबांची समजूत, मुलाने भर फाट्यावर बॅनर लावून आव्हान दिलं. आव्हान आलं की जायचं, हा रिवाज. न जाणं म्हणजे बारी न गाता हरणं. आणि मुलाला सवाल-जवाबातलं ओ की ठो कळत नाही. ते येणार, समोर कोणी नाही असं बघणार, आणि परत जाऊन ढोलकी माळ्यावर टाकणार, ती कायमची. मी डॉक्टरांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, घाबरू नका, एकदम दुखेल आणि मग बरं वाटेल. हे ते सगळ्यांना सांगतात.

सहा वाजल्यापासून माणसं यायला लागली. मालकिणीला अपेक्षित होती ती जीन्सवाली मंडळी आलीच, पण त्यांच्या चौपट आली ती आमच्याकडची. पंचाईत अशी की त्यांनी चपला बाहेर काढल्या. त्यांचं बघून जीन्सवाल्यांनी बूट काढले. खुर्च्या असताना माणसं खाली बसली, कारण खुर्चीत बसून सामना ऐकायचा तर मागच्याला दिसत नाही. एका आजींनी मालकिणीला विचारलं की चहा साधा मिळंल का, आणि तिने साधा चहा केला, त्या कॅफेच्या इतिहासात पहिल्यांदा. खिडकीत चार माणसं बसली. बाहेर रस्त्यावर रिक्षावाले उभे राहिले.

आम्ही सुरू केलं. पहिलं गाणं इंग्रजी, चढं. डॉक्टरांनी असा काही शेवट केला की छताचा पंखा हलला. गाणं संपलं. टाळी नाही.

म्हटलं, पहिलंच आहे. दुसरं आमचं मराठी घेतलं. संपलं. जीन्सवाल्यांतल्या दोघांनी टाळ्या सुरू केल्या आणि आजूबाजूला बघून हात मांडीखाली घेतले. लोक उठून जात नव्हते, गप्पाही मारत नव्हते. शंभरेक डोळे आमच्याकडे लावून शांत बसले होते. तिसरं विरहगीत झालं. अक्कलदाढेच्या कडव्याला एक गृहस्थ गालाला हात लावून बसले होते, पण तेही गप्प. मला शिव्या चालल्या असत्या. मोबाईलवाल्याच्या कपाळावरून घाम बेसवर ठिबकत होता आणि तो माझ्याकडे बघायला तयार नव्हता.

शेवटी मी पुढच्या रांगेत बसलेल्या एका म्हाताऱ्याला खाली वाकून विचारलं, आमचं काही चुकतंय का? आवडत नाही का?

तो जरा दुखावलाच. म्हणाला, "आवडायचा काय संबंद? तुमची बारी झाली, आता समोरच्यांना येऊं द्या. त्यांचं आयकल्याबिगर टाळी कशी मारनार? ते बरं न्हवं."

एवढा न्याय मला आयुष्यात कोणी दिला नव्हता, आणि एवढा त्रासही. एवढी माणसं आमच्यावर अन्याय होऊ नये, समोरच्यावरही होऊ नये, म्हणून हात आवरून बसली होती.

तेवढ्यात दारातून ओळखीचा आवाज आला, "पुढं सरका, पुढं सरका, मधे जागा हाय." आणि त्या खचाखच भरलेल्या कॅफेत खरोखर मधे जागा झाली. नोकरी सुटली तरी गळ्यात बसलेलं काही सुटत नाही. बाबा आत आले. डोक्याला फेटा, कपाळाला बुक्का, पांढरा सदरा. मागे ढोलकीवाला आणि झांजवाला, दोघेही बाबांच्याच वयाचे. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, ते बॅनरवर पाहतात तसं. मी हसलो. त्यांनी ओळख दाखवली नाही.

त्यांच्या झांजवाल्याने मालकिणीकडे नारळ मागितला. गण म्हणायचा तर पुढे नारळ लागतो. नारळाच्या मुलखात त्या कॅफेत नारळ नव्हता. कोल्ड कॉफीत घालायच्या नारळाच्या दुधाचा एक डबा होता. बाईने तो पुसून दोन्ही हातांनी आणून दिला. झांजवाल्याने डबा उलटासुलटा करून पाहिला, बाबांकडे पाहिलं, बाबांनी मान हलवली. डबा पुढे ठेवला, त्याला हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती त्याच्या कडेला टेकवली आणि बाबांनी गण सुरू केला.

पहिल्या ओळीला आवाज फाटला. वर्षभराचा गंज होता. ढोलकीवाल्याने मान खाली घातली. दुसऱ्या ओळीला आवाज चाचपडत वर गेला, आणि तिसऱ्याला तो सापडला. मी लहानपणी मंडपात पोत्यावर झोपेत ऐकलेला तोच आवाज होता तो. माझे डोळे भरून आले आणि ते लपवायला मी उगीच खुंट्या पिळत बसलो. डॉक्टरांना राहवलं नाही; त्यांनी अगदी हलक्या हाताने ढोलकीच्या मागोमाग ठेका धरला. बाबांच्या ढोलकीवाल्याने एकदा वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. याचा अर्थ चालू दे.

गवळण झाली. मग बाबा उठून उभे राहिले, कानावर हात ठेवला, माझ्याकडे बोट केलं आणि सवाल टाकला:

"सहा तारा, सहा खुंट्या, वायर भितीत गेली,
लाईट गेली तं बोल शायरा, विद्या कुठं ऱ्हेली?"

कॅफे खदखदलं. जीन्सवालेही हसले, एवढं तर त्यांनाही कळत होतं. पण मी अडकलो होतो तो एका शब्दावर. समोरच्याला शाहीर म्हणायचा रिवाज आहे, मला माहीत आहे. तरी बाबांनी मला गाणारा म्हणण्याची ती पहिलीच वेळ.

आणि आता सगळे माझ्याकडे बघत होते. बाबाही. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता. ते वाट बघत होते. मी हसून हात जोडले असते तर लोकांनी टाळ्या वाजवून बाबांना विजयी केलं असतं, आणि ते घरी जाऊन परत त्या खुर्चीत बसले असते. रडका पोरगा समोर असला काय आणि नसला काय.

मी गिटारची वायर उपसली. स्टेजवरून खाली उतरलो, त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि बाबांचीच चाल धरली. शब्द कुठून आले ते मला विचारू नका. तीस वर्षं कानावर पडलेलं कुठेतरी साठत असणार. 'बाबा' म्हणून चालणार नव्हतं. मी म्हटलं:

"लाईट गेली तं येते, बुवा, वायरमन जोडून गेला,
तुमचा आवाज वरीसभर कुठल्या खांबावर मेला?"

कोणी हसलं नाही. मी काय बोलून बसलो ते मला ओळ संपल्यावर कळलं. समोर बसलेल्या निम्म्या लोकांना शक्तीवाले बुवा ठाऊक होते, काहीजण तर त्यांच्या तिरडीला खांदा दिलेले. झांजवाल्याने झांजा मांडीवर ठेवल्या. बाबा कानावरचा हात तसाच ठेवून उभे. मला वाटलं, आता हा माणूस इथून चालू पडणार, आणि ते माझ्यामुळे.

बाबा लोकांकडे वळले.

"तीस वर्सांत," ते म्हणाले, "असा घाव त्या शक्तीवाल्यानंच घातला असता."

मग माझ्याकडे वळून, गाण्यात नव्हे, साध्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, "याला आत्ता जवाब नाय माझ्याकडं. गणपतीत देतो. तयारीत ऱ्हा."

आणि तेव्हा टाळ्या पडल्या. सगळ्या साठवलेल्या, आमच्या तीन गाण्यांच्या आणि बाबांच्या, एकदम. पुढचा म्हातारा तर उभा राहून वाजवत होता, कारण आता दोन्ही बाऱ्या झाल्या होत्या. नंतर आम्ही आणखी चार गाणी वाजवली, आणि शेवटच्याला बाबांचा ढोलकीवाला आणि डॉक्टर यांच्यात असं काही जुंपलं की मालकिणीला दिवे बंद-चालू करून दोघांना थांबवावं लागलं.

सामान आवरून मी बाबांना म्हटलं, चला, स्कूटर आहे, मागे बसा. ते फेटा सोडत होते. म्हणाले, समोरच्या पार्टीबरोबर एका गाडीतनं जायचं नसतं. आणि आपल्या दोघा म्हाताऱ्यांना घेऊन ते स्टँडकडे चालायला लागले. डॉक्टरांचे ड्रम त्यांच्या घरी पोचवून मग मी निघालो. गावाला पोचलो तेव्हा आई पडवीत ताट वाढून बसली होती. मी आत जायला लागलो तशी तिने माझा हात धरला. आतल्या खोलीचं दार बंद होतं आणि मागून कोणीतरी बोटांनी पाटावर ठेका धरला होता.

"तू हितंच जेव," आई म्हणाली. "आत जाऊं नको. जवाब जुळवतायत."